प्रसाधनांच्या पिशवीतले पुस्तक

सुट्ट्यांचा हंगाम आला की पुरवण्यांत आणि समाजमाध्यमांवर एका ठरावीक प्रकारच्या याद्या दिसू लागतात. समुद्रकिनारी निघालात तर अमुक हलकीफुलकी कादंबरी आणि तमुक सनस्क्रीन. डोंगरात जाणार असाल तर आत्मशोधाचे एखादे प्रवासवर्णन आणि ओठांसाठी बाम. लांबच्या विमानप्रवासात चेहऱ्यावर वीस मिनिटे ठेवायचा शीट मास्क आणि तेवढ्या वेळात एक कथा वाचून होईल असा संग्रह. वाचन आणि त्वचेची निगा या दोन्ही स्वतःसाठी काढलेल्या वेळातल्या गोष्टी आहेत, धावपळीच्या आयुष्यात त्यांची सांगड घातली तर दोन्ही टिकतील, असा यामागचा युक्तिवाद. वरवर पाहता त्यात खटकण्यासारखे काही नाही आणि तो मांडणाऱ्यांचा हेतूही बहुतेकदा चांगलाच असतो. तरीही तो मला मान्य नाही. पुस्तकप्रेमी म्हणून नाक मुरडावे एवढ्यापुरता हा विरोध नाही. या जोडीत पुस्तकाचे जेवढे नुकसान होते तेवढेच, कदाचित थोडे जास्तच, नुकसान त्या प्रसाधनाचे आणि ते वापरणाऱ्या बाईचे होते, असे माझे म्हणणे आहे.

या याद्यांमध्ये पुस्तकाची शिफारस कोणत्या शब्दांत होते ते पाहावे. मन शांत करणारे, ताजेतवाने करणारे, थकवा घालवणारे. हीच विशेषणे शेजारच्या क्रीमलाही लावलेली असतात. पुस्तक कशाबद्दल आहे, कोणी लिहिले, कोणत्या काळात लिहिले, त्यातले म्हणणे पटण्याजोगे आहे का, यांतले काही सांगितले जात नाही. सांगण्याची गरजही उरत नाही, कारण पुस्तकाची किंमत ते वापरणाऱ्यावर काय परिणाम करते यावर ठरलेली असते. या परिणामाला शास्त्राचा आधार म्हणून एक आकडा पुनःपुन्हा दिला जातो: सहा मिनिटांच्या वाचनाने ताण 68 टक्क्यांनी कमी होतो. हा आकडा 2009 साली ब्रिटनमध्ये एका खासगी संस्थेने मोजक्या स्वयंसेवकांवर केलेल्या चाचणीतून आला आणि वर्तमानपत्रांतून जगभर पसरला. क्षणभर तो खरा धरू. मग ज्या पुस्तकाने झोप उडते, ज्याने प्रवासभर अस्वस्थ वाटते, त्याचे काय करायचे? या मापाने ते नापास झालेले पुस्तक ठरते. वाचकाला हादरवणारे सगळे लेखन अशा याद्यांतून आपोआप गळते, आणि उरते ते निरुपद्रवी.

इथे एक सबळ आक्षेप येतो. प्रवासातले वाचन पहिल्यापासून बाजाराचेच अपत्य नव्हते का? होते. 1848 साली लंडनच्या यूस्टन स्थानकावर डब्ल्यू. एच. स्मिथचे पुस्तकदालन उघडले आणि रेल्वेच्या उतारूंसाठी स्वस्त आवृत्त्यांचा धंदा इंग्लंडमध्ये उभा राहिला. आपल्याकडे 1877 साली अलाहाबादला ए. एच. व्हीलर सुरू झाले. किपलिंगचे सुरुवातीचे कथासंग्रह 1888मध्ये रेल्वे लायब्ररी नावाच्या मालिकेत, स्थानकावर विकण्यासाठीच, रुपया किमतीला निघाले. अ‍ॅलन लेनने 1935 साली पेंग्विनची पहिली दहा पुस्तके काढली तीही सिगारेटच्या पाकिटाच्या दरात, स्थानकांवर आणि दुकानांतून खपवण्यासाठी. म्हणजे पुस्तक आणि उपभोग्य वस्तू यांची शेजारशेजारची मांडणी जुनीच आहे. पण या इतिहासातला एक तपशील महत्त्वाचा आहे. पेंग्विनने मुखपृष्ठांना रंग दिले: नारिंगी म्हणजे कादंबरी, हिरवा म्हणजे गुन्हेकथा, निळा म्हणजे चरित्र. घाईत गाडी पकडणाऱ्या माणसाला एका नजरेत कळावे की आत काय आहे. वाचून त्याला कसे वाटेल याचे आश्वासन त्या रंगात नव्हते. त्या पहिल्या दहांत अ‍ॅगाथा ख्रिस्तीही होती, हेमिंग्वेही होता आणि शेलीचे चरित्रही होते. गिऱ्हाइकाने विषय पाहून निवड करायची होती. धंदा करूनही पुस्तकाला पुस्तक म्हणून विकता येते, याचा हा पुरावा आहे.

मराठी वाचकाला याहून जवळचे उदाहरण दिवाळी अंकाचे. 1909 साली का. र. मित्र यांनी ‘मनोरंजन’चा पहिला दिवाळी अंक काढला तेव्हापासून मराठीतले कितीतरी उत्तम लेखन जाहिरातींच्या सोबतीने छापले गेले. उटणे, केशतेल, साबण, अगरबत्ती, दागिने यांच्या पानांनीच हे अंक उभे राहिले आणि लेखकांना मानधन मिळाले. जाहिरातीचा विटाळ मानायचा तर आपल्या साहित्याचा मोठा हिस्साच बाजूला ठेवावा लागेल, आणि तसे मी मुळीच म्हणत नाही. मात्र त्या अंकांत साबणाचे पान साबणाचे होते आणि कथेचे पान कथेचे. कथा कुठे संपते आणि विक्री कुठे सुरू होते हे वाचकाला कळत होते. जोडीच्या यादीत ही सीमारेषाच पुसलेली असते: शिफारस करणारी व्यक्ती त्याच सुरात, त्याच वाक्यात, कादंबरी आणि सीरम दोन्ही पुढे करते, आणि यातल्या कशासाठी तिला पैसे मिळाले आहेत हे समजायला मार्ग नसतो. ही काळजी माझ्या एकट्याची नाही. भारतीय जाहिरात मानक परिषदेने 2021मध्ये समाजमाध्यमांवरच्या प्रभावकांसाठी नियम केले आणि पैसे वा भेटवस्तू घेऊन केलेल्या शिफारशीवर तसे स्पष्ट लिहिणे आवश्यक ठरवले. 2023च्या जानेवारीत केंद्राच्या ग्राहक व्यवहार विभागानेही तशीच मार्गदर्शक तत्त्वे काढली. पुस्तकाच्या सोबतीने क्रीमला जी विश्वासार्हता मिळते ती या नियमांच्या चिमटीत सहज सापडत नाही, म्हणूनच ती अधिक जपून पाहायला हवी.

आता प्रवासाचे लेखन शरीराला विसरते, म्हणून त्याला शरीराच्या निगेची जोड द्यावी, असे कोणी म्हणेल. मराठीतले प्रवासलेखन वाचलेल्या माणसाला हे पटणार नाही. वरसईचे विष्णुभट गोडसे 1857 साली दक्षिणेच्या आशेने उत्तरेकडे निघाले आणि बंडाच्या वणव्यात सापडले. झाशीला वेढा पडला तेव्हा ते शहरात होते. त्यांनी पुढे लिहिलेला आणि 1907 साली चिंतामणराव वैद्यांनी प्रसिद्ध केलेला ‘माझा प्रवास’ शरीरानेच भरलेला आहे: भूक, तहान, उन्हातली पायपीट, लुटले जाण्याची भीती, जिवंत घरी पोचू की नाही ही चिंता. पण ते शरीर स्वतःकडे पाहत बसत नाही. आपल्या हालांतूनच त्याला भोवतालचे शहर, राणी, सैनिक, होरपळलेले नागरिक दिसतात. पंडिता रमाबाई 1886 साली आनंदीबाई जोशींच्या पदवीदान समारंभासाठी अमेरिकेत गेल्या आणि 1889मध्ये त्यांचे ‘युनायटेड स्टेट्सची लोकस्थिती आणि प्रवासवृत्त’ प्रसिद्ध झाले. त्यात अमेरिकेतला राज्यकारभार आहे, शिक्षण आहे, तिथल्या बायकांनी उभारलेल्या संस्था आहेत. विधवा, लहान मुलीची आई असलेली एक बाई परक्या देशात फिरते आणि तिचे सारे लक्ष, इथल्या बायकांच्या उपयोगी पडेल असे काय आहे, याकडे लागलेले असते. इरावती कर्वे यांचा ‘परिपूर्ती’मधला ‘वाटचाल’ हा लेख तर पंढरीच्या वाटेवर पायी चालण्याबद्दलच आहे, आणि त्यातली सर्वांत बोचरी नोंद एकाच दिंडीत जातीप्रमाणे वेगळ्या बसणाऱ्या पंगतींबद्दल आहे. या तिन्ही लेखनांत प्रवास माणसाला स्वतःबाहेर काढतो. जोडीची यादी नेमके उलट करते: जग कितीही बदलले, खिडकीबाहेर कोकण असो वा काश्मीर, वाचणारीचे लक्ष तिच्या स्वतःच्या कांतीवर आणि मनःस्थितीवर खिळवून ठेवते.

इथवर पुस्तकाचे झाले. दुसऱ्या बाजूकडे जास्त वेळ थांबायला हवे, कारण प्रसाधनाची बाजू घेऊन सहसा कोणी बोलत नाही. फिरतीच्या आयुष्यातली सौंदर्यनिगा म्हणजे फुरसतीचा विरंगुळा, हे या याद्यांचे गृहीतक आहे. आपल्याकडे प्रवासात नटणाऱ्या बायकांपैकी फार मोठ्या संख्येला ते लागू पडत नाही. 5 मे 1992 रोजी चर्चगेट–बोरिवली मार्गावर पहिली लेडीज स्पेशल धावली. तिच्या आधी आणि नंतरही मुंबईच्या लोकलचा लेडीज डबा घर आणि कचेरी यांच्या मधली खोली बनून राहिला आहे. तिथे भाजी निवडली जाते, भजने होतात, हळदीकुंकू होते, टिकल्या आणि केसांच्या पिना विकणाऱ्या फेरीवाल्या चढतात-उतरतात, आणि काजळ-लिपस्टिकही तिथेच लावली जाते. पहाटेपासून स्वयंपाक, डबे, पाणी भरणे, मुलांची शाळा आटोपून निघालेल्या बाईला आरशासमोर बसायला घरात वेळ मिळालेला नसतो; आणि रिसेप्शनवर, दुकानाच्या काउंटरवर, बँकेत किंवा कॉल सेंटरमध्ये ती ‘नीटनेटकी’ दिसावी अशी अपेक्षा असते. गाडीतली ती दहा मिनिटे पगार न मिळणाऱ्या कामाची आहेत. त्यांना आत्मलाडाचे नाव देणे म्हणजे त्या कामावर पांघरूण घालणे होय.

हवाई क्षेत्रात हे आणखी उघड दिसते. जिचे सगळे आयुष्यच प्रवासात जाते त्या हवाई सुंदरीचा चेहरा, वजन, वय, लग्न, मातृत्व हे सारे कंपनीच्या नियमावलीचे विषय राहिले. एअर इंडियाच्या नियमांनुसार पहिल्या गरोदरपणातच नोकरी संपत असे; नर्गेश मिर्झा खटल्यात 1981 साली सर्वोच्च न्यायालयाने ती अट रद्द केली. व्हर्जिन अटलांटिकने स्त्री कर्मचाऱ्यांवरची मेकअपची सक्ती उठवली ती 2019मध्ये. अमेरिकन समाजशास्त्रज्ञ आर्ली हॉक्शील्ड यांनी 1983च्या आपल्या ‘द मॅनेज्ड हार्ट’मध्ये हवाई सेविकांच्या हसण्यालाच श्रम म्हटले होते, चेहऱ्याची निगाही त्याच हिशोबात धरायला हवी. एवढा इतिहास मागे असताना ‘प्रवासातही खुललेली कांती’ हे शब्द कोणासाठी सहज सुचवलेला आनंद असतात आणि कोणासाठी हुकूम, हा प्रश्न विचारल्यावाचून राहवत नाही.

या याद्यांतला एक सल्ला तर मला क्रूर वाटतो. त्वचा तजेलदार राहावी म्हणून प्रवासभर पाणी पीत राहा, असे सर्रास सांगितले जाते. विमानाच्या केबिनमध्ये हवेतली आर्द्रता बहुधा 20 टक्क्यांच्या खाली असते, त्यामुळे घसा आणि त्वचा कोरडी पडते, हे खरेच. पण महाराष्ट्रात प्रवास करणाऱ्या लाखो बायका विमानात नसतात. एस. टी.च्या लाल गाडीत, वडापच्या जीपमध्ये, लोकलमध्ये बसलेली बाई मुद्दाम पाणी पीत नाही, कारण वाटेत जाण्याजोगे स्वच्छतागृह मिळेल याची तिला खात्री नसते. ती तहान मारते, आणि पुढे मूत्रमार्गाच्या संसर्गाने आजारी पडते. मुंबईत बायकांनी ‘राइट टू पी’ची चळवळ उभारली ती याच कारणाने. मार्च 2023पासून एस. टी.त महिलांना अर्धे तिकीट झाले आणि बायकांचा प्रवास वाढला, ही फार चांगली गोष्ट झाली. पण बसस्थानकावरच्या स्वच्छतागृहाला कडी आहे का, आत पाणी आहे का, सॅनिटरी पॅड टाकायला डबा आहे का, हा त्या बाईच्या त्वचेचाच नव्हे तर मूत्रपिंडाचाही प्रश्न आहे. फिरतीच्या आयुष्यातल्या शरीराची काळजी ज्याला खरोखर घ्यायची आहे त्याने इथून सुरुवात करावी. कादंबरी आणि मास्क यांची जोडी हा विषय बोलायला जागाच ठेवत नाही.

साधी माहितीही या जोडीत हरवते. सनस्क्रीन एकदा चोपडून दिवस भागत नाही, उन्हात आणि घामात ते सुमारे दर दोन तासांनी पुन्हा लावावे लागते. खिडकीच्या साध्या काचेतून यूव्हीए किरण बऱ्याच प्रमाणात आत येतात, त्यामुळे सावलीत बसल्याचा भरवसा फसवा असतो. ही उपयोगाची वाक्ये आहेत आणि ती सांगायला कुठल्याही कादंबरीची गरज नाही. तसेच घाटातल्या वळणांवर हलत्या गाडीत वाचले की अनेकांना मळमळते, कारण डोळे स्थिर पानाची खबर देतात आणि कानातली तोल सांभाळणारी यंत्रणा हालचालीची. ताम्हिणीच्या किंवा कशेडीच्या वळणांवर कोणी कुठले पुस्तक उघडावे, याऐवजी ते मिटून बाहेर पाहावे हे सांगणारी यादी अजून निघायची आहे. छोट्या बाटल्यांची गोष्टही अशीच. ऑगस्ट 2006मध्ये लंडनहून निघणाऱ्या विमानांत द्रवस्फोटके नेण्याचा कट उघडकीला आला, त्यातून हातातल्या सामानात 100 मिलिलिटरची मर्यादा आली आणि प्रवासी आकाराच्या बाटल्यांना बरकत आली. भारतात मात्र चिमूटभर प्रमाणातला शाम्पू त्याआधीच, 1980च्या दशकात तामिळनाडूतून पुडीत आला होता, आणि तो हिंडणाऱ्यांसाठी नव्हता. पूर्ण बाटली परवडत नाही अशा हातावर पोट असलेल्या माणसांसाठी होता. त्याच पुड्यांचे रिकामे प्लास्टिक आज प्रत्येक गडावर आणि प्रत्येक किनाऱ्यावर पडलेले दिसते. प्रवास आणि प्रसाधन यांच्याबद्दल मनापासून लिहायचे तर विषयांना तोटा नाही.

सर्वांत गंभीर आक्षेप अजून बाकी आहे. हा सगळा नेहमीचाच नीतिमार्तंडपणा नाही का, असे कोणी विचारेल. बायकांच्या नटण्याला नावे ठेवण्याची परंपरा आपल्याकडे मोठी आहे, आणि वाचणाऱ्या बाईला नावे ठेवण्याची त्याहून जुनी. एकोणिसाव्या शतकात हातात पुस्तक धरलेल्या बाईची टवाळी झाली, शिकली की नवरा मरतो असे तिला सांगितले गेले, आणि पुढच्या काळात पावडर लावणाऱ्या बाईलाही तेच ऐकून घ्यावे लागले. हा आक्षेप मी हलका मानत नाही. पण नेमक्या याच कारणाने ही जोडी मला मान्य नाही. लिपस्टिकशेजारी पुस्तक ठेवले की पुस्तक त्या लिपस्टिकचे चारित्र्य-प्रमाणपत्र बनते: बघा, ही नटते पण वाचतेही. कोणी मागावे म्हणून हे प्रमाणपत्र तयार ठेवले जाते, आणि ते तयार ठेवले की मागणाऱ्याचा हक्क मान्य होतो. पुरुषाच्या दाढीच्या सामानाशेजारी कोणी ऐतिहासिक कादंबरी सुचवत नाही; दाढी करण्याला त्याच्या बुद्धीची साक्ष लागत नाही. बाईला काजळ लावायचे असेल तर तिला ते आवडते एवढे कारण पुरे आहे. तिला वाचायचे असेल तर त्यासाठी कांती सुधारण्याचे कारण लागू नये. तिला दोन्ही एकाच वेळी, एकाच सीटवर करायचे असेल तर तेही तिने खुशाल करावे. माझा विरोध तिच्या कृतीला नाही, तिला दोन्ही गोष्टी एकमेकींच्या आधाराने विकणाऱ्या लेखनाला आहे.

राहिला तो मवाळ आक्षेप: कशाच्याही निमित्ताने का होईना, पुस्तक हातात तर पडते. वाचक घटत आहेत, मग दार कुठलेही चालेल. मला यातला कळवळा समजतो. पण दार कुठे उघडते हेही पाहावे लागते. 4 मे 2017 रोजी पाचगणीजवळचे भिलार ‘पुस्तकांचे गाव’ झाले. तीही जोडीच आहे, पर्यटन आणि पुस्तक यांची, आणि तिथे स्ट्रॉबेरी खायला आलेला माणूसही पुस्तकापाशी पोचतो. पण भिलारच्या घरांत पुस्तके विषयवार लावली आहेत: एका घरात चरित्रे, दुसऱ्यात कविता, तिसऱ्यात इतिहास. पर्यटक पुस्तकाकडे जातो, पुस्तकाला पर्यटकाच्या मूडप्रमाणे वाकावे लागत नाही. म्हणून तिथून एखादे बोचणारे, न आवडणारे पुस्तकही हाताला लागू शकते, आणि वाचक घडतो तो अशा अनपेक्षित भेटीतून. वीस मिनिटांच्या मास्कपुरते मोजून दिलेले पुस्तक मास्क काढला की संपते. जिला एवढेच वाचन सुचवले गेले ती पुढच्या सुट्टीत दुसरे पुस्तक मागेल का? मागेल ती पुढची जोडी.

संपादकांनी या बाबतीत करण्यासारखे बरेच आहे आणि ते अवघड नाही. सुट्ट्यांच्या पुरवणीत पुस्तकाला त्याचे स्वतःचे पान द्यावे, आणि ते पान ज्याने पुस्तक शेवटपर्यंत वाचले आहे अशा माणसाकडून लिहून घ्यावे. झाशीला जाणाऱ्यासाठी गोडसे भटजी, वारीच्या वाटेवर निघालेल्यासाठी इरावतीबाई, अमेरिकेत मुलाकडे चाललेल्या आईसाठी रमाबाई, अशी स्थळाप्रमाणे शिफारस केली तर प्रवासाचा आणि पुस्तकाचा खरा धागा जुळेल. क्रीमलाही तिचे पान द्यावे, त्यात घटक, किंमत, कोणत्या त्वचेला चालत नाही ते, आणि त्या मजकुरासाठी कंपनीने पैसे दिले असतील तर तेही ठळक टायपात छापावे. आणि त्याच पुरवणीत एक पान राज्यातल्या बसस्थानकांवरच्या स्वच्छतागृहांसाठी राखावे: कुठे दिवे आहेत, कुठे पाणी आहे, कुठल्या कडीला खिळा निघालेला आहे, बातमीदाराने स्वतः जाऊन पाहून, आगाराच्या नावानिशी.